मदत हवी आहे: २६ वर्षांच्या बहिणीचा हाडांच्या घनतेचा (डेक्सा) रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण २६ वर्षांची, उंची चार फूट अकरा. रोज पहाटे रंकाळ्यावर पळते, लहानपणापासून गंगावेशीतलं धारोष्ण दूध पिऊन वाढलेली. कंपनीच्या तपासणीत डेक्सा स्कॅन झाला. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे १.९, झेड-स्कोअर उणे १.८. वर लाल शाईत 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे हाडांची घनता कमी. तेव्हापासून आई तिला पाण्याची घागरसुद्धा उचलू देत नाही.

टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना. पण ते तरुण कुठले? रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात संदर्भगट 'अमेरिकन गोऱ्या स्त्रिया' आहे! शिवाय डेक्सा चौरस सेंटीमीटरमागे ग्रॅम मोजतो, हाडाची खोली त्याला कळत नाही; म्हणजे लहान चणीच्या मुलीचा आकडा कमीच येणार. पाळी सुरू असलेल्या वयात झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांच्या सरासरीशी तुलना, बघतात, आणि तो उणे २ च्या वर असेल तर वयाला साजेसा धरतात, असंही वाचलंय.

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१० साली भारतीय तरुणांच्या हाडांच्या घनतेची प्रमाणं प्रसिद्ध केली आहेत. ती लावून रिपोर्ट देणारं केंद्र कोल्हापूर-सांगलीकडे कुणाला माहीत आहे का? ड जीवनसत्त्व, थायरॉईड आधी तपासावं का? पाळी नियमित आहे, हाड कधी मोडलेलं नाही. कृपया कळवा, पोरगी फार धास्तावली आहे.