करसवलत हीसुद्धा खिरापतच

गरीब भाडेकरूंना भाड्यासाठी पैसे देणं म्हणजे खिरापत, असं काही जण म्हणतात. मग गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत म्हणजे काय? तिजोरीला भोक दोन्हीकडे पडतं. फरक इतकाच की एकाला उत्पन्नाचा दाखला घेऊन रांगेत उभं राहावं लागतं, दुसऱ्याचं काम विवरणपत्रातल्या एका रकान्यात भागतं. त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत कर्ज मोठं तर सवलतही मोठी, आणि ज्याला करच बसत नाही त्याच्या हाती भोपळा! ब्रिटननं ही सवलत टप्प्याटप्प्यानं कमी करत २००० साली बंद केली. लोकांनी घरं घेणं काही सोडलं नाही.

भाडेनियंत्रणाचं, म्हणजे सरकारनं भाडेवाढीवर मर्यादा घालण्याचं, मात्र जरा जपून. सॅन फ्रान्सिस्कोनं १९९४ साली ते जुन्या छोट्या इमारतींनाही लावलं. आत होते ते भाडेकरू टिकले, पण बऱ्याच मालकांनी घरं भाड्याच्या बाजारातून काढून विकली. भुर्दंड बसला तो नंतर घर शोधणाऱ्यांना. याउलट ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, साधारण निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, कारण तिथे १९२० च्या दशकापासून पालिकेनं स्वतःच घरं बांधली. नवं बांधकाम नियमांत अडकलं असेल तर घरं वाढत नाहीत, भाडंच वाढतं, आणि भाड्याचं अनुदानही बरंचसं मालकाच्याच खिशात जातं.