'परिपक्वता विसंगती'ला सोपा मराठी शब्द?

प्रश्न: बँक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. कर्जाला हमी आहे, पण कर्ज फिटायच्या आधीच हमीची मुदत संपते. अशा वेळी भांडवलाच्या हिशेबात हमीची किंमत कमी धरतात. या 'मॅच्युरिटी मिसमॅच'ला मी 'परिपक्वता विसंगती' लिहिलं, पण वाचणारे अडखळतात. दुसरं काही सुचतं का?

प्रतिसाद: 'परिपक्वता' काढाच. माणूस परिपक्व होतो; ठेवीची मुदत भरते. काउंटरवर कुणीही 'मुदत भरली' असंच म्हणतं. 'मुदतीतली तफावत' चालेल का?

प्रतिसाद: 'मुदत' बरोबर, 'तफावती'शी मात्र मी सहमत नाही. तफावत दोन्ही बाजूंनी असू शकते. ठेवी आणि कर्जं यांच्या मुदतींचा मेळ बसत नाही, तिथे तो शब्द शोभतो. इथे हमी कर्जापेक्षा जास्त टिकली तर बासेलच्या, म्हणजे बँकांच्या भांडवलाच्या आंतरराष्ट्रीय, नियमांना काहीच हरकत नाही. ती आधी संपली तरच कात्री लागते. पांघरूण आखूड पडलं की पाय उघडे राहतात, तसं. म्हणून 'हमीची मुदत तोकडी पडणे' म्हणावं.

गणितही आपल्या अपूर्णांकांत छान बसतं. कर्जाची सव्वाचार वर्षं उरलीत, ८० लाखांच्या हमीची सव्वादोन. दोन्हींतून पाव वर्ष वजा करा: चार आणि दोन. हमी निम्मीच, म्हणजे ४० लाख धरायची. ते पाव वर्ष म्हणजे तीन महिने. हमीची मुदत तोकडी असून तीन महिने किंवा त्याहून कमी उरली असेल, तर ती शून्य धरतात. कर्जाची मुदत या सूत्रात पाच वर्षांच्या पुढे मोजत नाहीत. रिझर्व्ह बँकेचंही सूत्र हेच.

'मूळ मुदत' आणि 'उरलेली मुदत' हे शब्द टिपणात कटाक्षाने वेगळे ठेवा. सूत्रात उरलेली मुदत जाते, पण तोकड्या हमीची मूळ मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर ती मुळातच धरत नाहीत. 'बाकी मुदत' नको. बँकेत 'बाकी' म्हटलं की येणं रक्कमच डोळ्यांपुढे येते.

प्रश्नकर्ती: 'तोकडी' घेतला! आता तारणाची किंमत बाजारभावापेक्षा कमी धरतात, त्या 'हेअरकट'ला काय म्हणू? 'कपात' लिहिलं तर मुदतीमुळे होणारी कपात आणि ही, दोन्ही एकच वाटतात.

प्रतिसाद: 'घट' लिहा. सोनार मोड घेताना घट धरतो, तसंच बँक तारणाच्या बाजारभावातून धरते. क्रमही सांगा: आधी घट, मग मुदतीचं सूत्र. वर्तमानपत्रांत दिवाळखोरीच्या बातम्यांतला 'हेअरकट' म्हणजे धनकोंनी सोडून दिलेली रक्कम; त्याला 'घट' म्हणू नका.

प्रतिसाद: आणि सगळीकडे 'हमी' नको. तारण ही वस्तू किंवा ठेव, हमी हा तिसऱ्याने दिलेला शब्द. हा नियम दोन्हींना लागू आहे, तेव्हा सूत्राशेजारी 'संरक्षण' लिहा आणि त्यात काय काय येतं ते पहिल्याच पानावर सांगा.