तुकाराम ओंबळे यांच्या तसबिरीखाली काय लिहावे?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)
नमस्कार. येत्या २६ नोव्हेंबरला आमच्या गावच्या वाचनालयात तुकाराम ओंबळे यांची तसबीर लावण्याचे युवक मंडळाने ठरवले आहे. पंच मंडळींपैकी काहींचे म्हणणे असे की, ओंबळे हे मुंबई पोलिसांतले. कर्नाटकातल्या गावात त्यांची तसबीर लागली की तिचा संबंध सीमाप्रश्नाशी जोडला जाईल आणि ज्यांचे स्मरण करायचे तेच बाजूला पडतील. दुसरी अडचण मजकुराची आहे. मंडळाच्या मसुद्यात ‘नरवीर’, ‘रणझुंजार’, ‘भारतमातेचा सुपुत्र’ अशी विशेषणे ओळीने आली आहेत, परंतु २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या रात्री त्यांनी नेमके काय केले याचा उल्लेख कुठेच नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

निवृत्त फौजदार, बेळगाव
माझी सारी नोकरी कर्नाटक पोलीस दलात झाली. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले. तेव्हापासून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. वर्षभरात कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या पोलिसांची नावे त्या दिवशी वाचली जातात, पुष्पचक्र वाहिले जाते आणि बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना दिली जाते. त्या यादीत सगळ्या राज्यांची नावे असतात आणि ती ऐकताना कोण कुठल्या दलातला हे आम्ही कधी मोजले नाही. पंचांची शंका अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे साध्या पाटीवरूनही वाद पेटतो. म्हणून मजकूर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावा आणि कार्यक्रमाला ठाण्याच्या अधिकाऱ्यांना रीतसर बोलवावे.

शिक्षक, निपाणी
विशेषणे काढाच. ओंबळे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. आधी सैन्यात होते आणि नंतर मुंबई पोलिसांत येऊन सहायक फौजदार झाले. २००८ च्या त्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, दोन दहशतवादी पळवलेल्या मोटारीतून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपाशी आले. चकमकीत त्यांतला एक जण गोळी लागून पडला. दुसरा, म्हणजे अजमल कसाब, गाडीबाहेर येताच हातात केवळ लाठी असलेल्या ओंबळे यांनी त्याच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही ती सोडली नाही, त्यामुळे सहकाऱ्यांना कसाबवर झडप घालता आली. हल्लेखोरांपैकी जिवंत हाती लागला तो हा एकटाच. तो बोलला म्हणून कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत पोहोचले आणि जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे त्या देशाला मान्य करावे लागले. ओंबळे यांना त्याच महिन्यात मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. (२०२१ मध्ये कोळ्याच्या एका नव्या प्रजातीलाही त्यांचे नाव मिळाले, मुलांना हे आवर्जून सांगा, त्यांच्या ते लक्षात राहते.)

वकील, बेळगाव
वरील माहितीत एक भर घालतो. २६ नोव्हेंबर हा संविधान दिनही आहे. पकडलेल्या माणसावर उघड खटला चालला, त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि ती उच्च न्यायालय व ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यावरच तिची अंमलबजावणी झाली. आरोपी जिवंत सापडला नसता तर यांतले काहीच घडले नसते, त्यामुळे शाळेच्या कार्यक्रमात हे दोन्ही विषय एकत्र घेता येतील. मात्र तसबिरीखाली कसाबचे नाव नको, असे माझे स्पष्ट मत आहे; भाषणात ते यावे, फलकावर नाही.

मलप्रभाकाठ
सर्वांचे आभार. वकील साहेबांचे म्हणणे मंडळाला पटले. नवा मसुदा असा आहे: ‘तुकाराम ओंबळे, सहायक फौजदार, मुंबई पोलीस. नोव्हेंबर २००८ मध्ये गिरगाव चौपाटीवर हातात लाठी असताना दहशतवाद्याची रायफल धरून ठेवली आणि सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आले. तेथेच वीरमरण. अशोकचक्र, २००९.’ पंचांनी याला संमती दिली आहे. कन्नड मजकूर उद्या येथे टाकतो. फौजदार साहेबांनी तो एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.