चूक सुधारली, सावरली की खपवली?

पंचवटीकर:
भाची सुट्टीला आलीय. उजव्या हातात फोन धरून टीव्हीसमोर जस्ट डान्स चालू (पडद्यावरच्या नर्तकासारखं नाचायचा व्हिडिओ गेम; त्याला फक्त फोन धरलेला हात कळतो). मधेच तिचा उजव्याऐवजी डावा हात वर गेला. कळल्याबरोबर तोच हात तिने केसांवरून फिरवत खाली आणला आणि उजवा वर टाकला. मी म्हटलं, "वा, चूक सुधारलीस!" तर म्हणते, "सुधारली नाही मामा, सावरली." दोन्हींत नेमका फरक काय हो?

सातपूरकर:
फरक वेळेचा. चूक होऊन गेल्यावर मागे जाऊन सुधारतात, जसं शुद्धलेखन. सावरतात ते पडायच्या आत: तोल, पदर, जीभ. चालू गाण्यात मागे जायची सोयच नाही, म्हणून भाचीचं बरोबर. 2010 च्या डान्स सेंट्रल या नाचाच्या गेममध्ये दोन्ही गोष्टी वेगळ्या दिसायच्या. कॅमेरा अख्खं अंग बघायचा आणि तुमचा जो हात किंवा पाय चुकतोय तोच पडद्यावरच्या नर्तकाचा लाल व्हायचा. ते बघून चालू गाण्यात करायचं ते सावरणं. शिवाय एकेक स्टेप सुटी करून, हवी तर सावकाश, घोटून घ्यायची सोय वेगळी होती. ते सुधारणं.

देवळालीकर:
कवायतीत याला हुकूमच आहे, 'कदम बदल'. मागचा पाय पुढच्याच्या टाचेशी आणायचा आणि पुढचाच पुन्हा टाकायचा. न थांबता पाय जुळतो. शब्द हिंदी, पण नाशकातल्या परेड केलेल्या कुठल्याही पोराला विचारा.

सातपूरकर:
झकास! पण 'बदलणे' मराठीत एवढं नेमकं बसत नाही.

सिडकोकर:
तुम्ही 'पकडणे' विसरलात. ढोल पथकात माझा हात कितीदा सुटलाय. सुटलेला ठोका भरायला गेलं की पुढचे चारही चुकतात. म्हणून टिपरू वर धरायचं, ताशा ऐकायचा आणि पुढच्या आवर्तनाला ठेका पकडायचा. माझा मुलगा गेममध्ये तेच करतो. एक स्टेप सोडून देतो, नुसता गुडघ्यात डुलतो आणि पुढची पकडतो. बायकोला वाटतं कंटाळला. मी मात्र सुटलेली स्टेप उशिरा का होईना करतोच, आणि मग सगळं गाणं मागे पळत राहतो. (वयाचा दोष म्हणा.)

पंचवटीकर:
हे सगळं भाचीला वाचून दाखवलं. हसली. "मामा, खरं सांगू? फोन डाव्या हातात नव्हताच. गेमला काही कळलंच नाही. केसांचं ते तुमच्यासाठी होतं."

सातपूरकर:
मग ती खपवली! सावरताना चूक होता होता राहते. खपवताना झालेली असते, बघणाऱ्याच्या गळी उतरवायची असते. गंमत म्हणजे इथे गेमला नाही, मामाला खपवली. डान्स डान्स रेव्होल्यूशन या पायांनी खेळायच्या गेमच्या (कोनामी कंपनी, 1998) पाटावर बघा म्हणावं. चार बाण पायाखाली, बाण हुकला की कॉम्बो (सलग बरोबर पावलांची मोजणी) तुटला. तिथे केसांवरून हात फिरवून काय होणार?