मजुरी वाढली की माणूस जास्त राबतो की लवकर घरी जातो?

एमए_दुसरं_वर्ष:
लेबर इकॉनॉमिक्सच्या पेपरची तयारी चालूय आणि एका जागी अडकलोय. वर्गात शिकवलं की मजुरी थोड्या दिवसांपुरतीच वाढली तर माणूस तेव्हा जास्त काम करून घेतो आणि आराम मंदीच्या दिवसांवर ढकलतो. पण १९९७ चा कॅमेरर, थेलर वगैरेंचा न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवरचा पेपर म्हणतो की चांगला धंदा झाला की दिवसाचं टार्गेट पूर्ण होतं, म्हणून ड्रायव्हर लवकर गाडी लावतात. माझे काका रिक्षा चालवतात, ते गणपतीत मध्यरात्रीपर्यंत बाहेर असतात आणि विसर्जन झालं की निवांत. मग खरं काय धरायचं?

हिशेबी:
काकांचं धर. मजुरी कायमची वाढली तर माणूस आयुष्यभरासाठीच सुखवस्तू होतो आणि आरामही जास्त घेतो, म्हणून तिथे नक्की काही सांगता येत नाही. चार दिवसांच्या तेजीने कोणी श्रीमंत होत नाही, म्हणून तेव्हा तास वाढायला हवेत.
टॅक्सीवाल्यांच्या त्या पेपरात तासाची कमाई काढताना दिवसाच्या गल्ल्याला तासांनीच भागलंय, म्हणजे तास लिहिण्यात चूक झाली की तास जास्त आणि मजुरी कमी असं आपोआपच दिसतं. नंतर फार्बर या अर्थशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्याच टॅक्सींच्या २००९ ते २०१३ च्या ट्रिप्सचा प्रचंड डेटा घेतला, २०१५ ला छापलं, त्यात बहुतेक ड्रायव्हर कमाई चांगली असताना जास्तच चालवताना दिसले. पावसात टॅक्सी कमी होतात हे खरं, पण टार्गेट पूर्ण झालं म्हणून नाही, ट्रॅफिक तुंबल्याने तासाची कमाई वाढतच नाही.

सायकलवाला:
झुरिकच्या सायकल कुरियरवाल्यांचा प्रयोग (फेअर आणि गॉएट, २००७) पण वाच. चार आठवडे कमिशन २५ टक्के वाढवलं तर पोरांनी शिफ्ट साधारण ३० टक्के जास्त घेतल्या, पण एका शिफ्टमधला गल्ला ६ टक्क्यांच्या आसपास घसरला. म्हणजे तुझी दोन्ही उत्तरं एकाच माणसात सापडतात. मुख्य म्हणजे शिफ्ट घ्यायची की नाही हे तिथे ज्याचं तो ठरवत होता.

केजची_लेक:
त्या शेवटच्या वाक्यावरच बोलायचंय. आमच्याकडची माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, चांगलंच झालं, पण म्हणून कोण जास्त तास तोडणार? अंधारात फडात जायचं, रात्री गाडी आली की उठून भरायची, आणखी तास आणायचे कुठून? कमी करावं म्हटलं तर खाडा पडला की पैसे कापतात. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या त्यामागे पाळीच्या त्रासाने खाडा पडेल ही धास्तीपण होती. आराम पुढे ढकलायला तो आधी आपल्या हातात लागतो.

एमए_दुसरं_वर्ष:
ताई, पण मग दर वाढल्याचा फरक कुठे दिसेल?

केजची_लेक:
उचल फिटण्यात. फिटली तर पुढच्या साली जायचं का आणि कोणत्या मुकादमाकडे हे घरात बसून ठरवता येतं, नाही फिटली तर बाकी अंगावर घेऊन त्याच्याचकडे जावं लागतं. तासांच्या आकड्यात शोधू नकोस, कोणती घरं जायची थांबली ते बघ.