अनुभव सांगा: पीएचडीच्या वाटेवर सोबत कुणाची होती?

गाईड, स्टायपेंड, परत आलेले पेपर यांवर आपण तासन्‌तास बोलतो. सोबतच्यांनी एकमेकांना कसं सांभाळलं, ते मात्र सांगायचं राहून जातं. 2018मध्ये 26 देशांतल्या 2,279 विद्यार्थ्यांची, त्यातही बहुतांश पीएचडीवाल्यांची, पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात 41 टक्क्यांना मध्यम ते तीव्र चिंतेचा त्रास होता. (पाहणी स्वखुशीने भरायची होती, म्हणजे त्रासलेल्यांनीच जास्त भरली असेल. तरी आकडा लहान नाही.) 'मित्रांनी साथ दिली' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय केलं ते लिहा.

रसायनशास्त्र, थीसिस सुरू:
आम्ही तिघी सकाळी व्हिडिओ कॉल लावतो आणि माइक बंद करून लिहितो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं गप्पा. खरं काय ते त्या पाच मिनिटांत बाहेर येतं. कुणी मुद्दाम 'कशी आहेस?' विचारलं असतं, तर मी 'मजेत' म्हणून मोकळी झाले असते.

इतिहास:
लॅबवाल्यांना निदान भांडायला तरी कुणी असतं! इथे मी आणि जुन्या कागदपत्रांची दप्तरं. दुसऱ्या विभागांतल्या मुलांबरोबर बॅडमिंटन सुरू केलं. 'सबमिशन कधी?' असं तिथे कुणीही विचारत नाही.

भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष:
आमच्या गटाचं रडगाणंच झालं होतं. भेटून उठताना जास्त थकवा यायचा. मग एकाने सुचवलं, आधी विचारायचं: सल्ला हवाय की नुसतं ऐकू? बराच फरक पडला. सगळा नाही.

मानसशास्त्र:
माझी लॅबमधली मैत्रीण 'कशातच अर्थ नाही' म्हणायला लागली. मी सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ती 'हो' म्हणाली. त्याच दिवशी तिला घेऊन समुपदेशकाकडे गेले आणि बाहेर बसून राहिले. तिच्या परवानगीने तिच्या बहिणीलाही कळवलं. पुढे मलाच झोप लागेना, तेव्हा मीही समुपदेशकाची वेळ घेतली. मैत्रिणीचं सगळं ओझं एकटीने वाहू नये. कुणी कितीही शपथा घातल्या तरी ही गोष्ट गुपित ठेवायची नाही.

समाजशास्त्र, नोकरी सांभाळून:
हे सगळं संध्याकाळी कॅम्पसवर असणाऱ्यांचं झालं. घरी लहान मूल असलेलं कुणी आहे का इथे? तुम्ही भेटता कधी?