हाडं आतून जिवंत असतात

"वाढ पूर्ण झाली की सांगाड्याचं काम फक्त आधार आणि संरक्षण" असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. उंची थांबते, हाडांचं काम नाही. रक्तपेशी तिथेच तयार होतात. मोठ्या माणसात मुख्यतः कमरेचं हाड, मणके, फासळ्या आणि छातीच्या हाडातल्या लाल मज्जेत, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गरात. मज्जेचा नमुना कमरेच्या हाडातून घेतात तो त्यामुळेच.

आमच्या नागपूरकडे सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच, म्हणून हे सांगावंसं वाटलं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलमधली १० ते २०. म्हणजे मज्जेला किती राबावं लागतं बघा! शिवाय विळ्यासारख्या वाकलेल्या या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की तिथलं हाड चक्क मरतं. माझ्या मावसभावाचा खुबा असाच ऐन तारुण्यात गेला. लचक समजून घरचे कितीतरी दिवस मालिशच करत होते. तान्ह्या बाळाची हातापायाची बोटं काही न लागता सुजली, तर ते दुखणंही हाडातलं असू शकतं. विदर्भात तरी अशा वेळी सिकलसेलची रक्ततपासणी लगेच करून घ्या.